विमानात घातलेला बिब्बा

भूत, चकवा, करणी, यांपैकी एक जरी कोणी समोर आणून दाखवलं तर मी मिशी उतरवीन, असं रुपचंद सर छातीठोकपणे सांगत असत. मिशी झुपकेदार होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता, त्यामुळे पैजेला वजन होतं. आठवडाभर ते जळगाव आणि चोपड्याच्या मध्ये, तापीच्या अलीकडे असलेल्या एका लहानशा धावपट्टीवर पोरापोरींना विमान चालवायला शिकवायचे. सुट्टीच्या दिवशी धुळ्यापासून पिंपळनेरपर्यंत गावोगावी फिरून अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचे. नारळातून केस काढून दाखवायचे, पाण्यावर दिवा लावून दाखवायचे आणि शेवटी लिंबू, मिरची, बिब्ब्याची माळ सगळ्यांदेखत तोडून खिशात घालायचे. यातल्या लिंबाचं घरी जाऊन सरबत करतो, हे त्यांचं टाळ्या घेणारं वाक्य होतं.

विमानाच्या बाबतीतही त्यांचा खाक्या हाच. तिथल्या फ्लाइंग क्लबच्या दोन आसनी विमानात थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या दांडीच्या, शेजारी एक छोटी मूठ असते. ती बाहेर ओढली की धुराड्याभोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळतं तिथे, जाते. आता विमानाला गरम हवा कशाला पाजायची? तर कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात पेट्रोलची वाफ होते, ती होताना आजूबाजूची ऊब शोषली जाते, आणि हवा दमट असली तर तिथल्या तिथे बर्फ धरतो. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट चोळलं की गार लागतं, त्यातलाच प्रकार. बर्फाने गळा आवळला की इंजिनाला श्वास पुरत नाही. उतरताना थ्रॉटल मिटलेला असतो, तेव्हा तर जास्तच. म्हणून पुस्तक सांगतं की उतरायला लागण्याआधी मूठ पूर्ण बाहेर ओढा.

हा धडा सर उभ्या उभ्या उरकायचे. हे पुस्तक ज्यांनी लिहिलं ते लोक स्वेटर घालून विमान चालवतात, असं ते म्हणायचे. आपण जळगावचे. आपल्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. इथे बर्फ एकाच ठिकाणी धरतो, रसवंतीत! वर्ग हसायचा. आपल्या उन्हाचा अभिमान नाही असा खानदेशी माणूस अजून जन्माला यायचाय.

पुढच्या बाकावर चोपड्याची सुलक्षणा बसायची. घरी केळीचा मळा, आणि डोक्यात शाळेपासून विमान. तिने एकदा विचारलं की बाहेर चांगलं गरम असतानाही बर्फ धरतो असं पुस्तकात आहे, फक्त हवा दमट हवी, तर त्याचं काय? सरांनी तिच्याकडे मायेने पाहिलं आणि दमट हवा पाहायची असेल तर मुंबईला जाऊन ये, असं सांगितलं. उड्डाणाआधी ती मूठ एकदा ओढून तपासायची असते. सर वाटेतल्या देवळाला हात लावावा तसं तिला नुसतं बोट लावायचे. त्यांचं पाहून सगळेच बोट लावायला लागले.

मग पितृपक्ष लागला.

पाऊस नुकताच ओसरला होता. तापी भरून चालली होती आणि काठचे केळीचे मळे सकाळी इतके ओले असत की विमानाच्या काचेवर आतून वाफ धरायची. धावपट्टीकडे वळताना वाटेत नदीचा एक खोल डोह लागतो. त्याला बायांचा डोह म्हणतात. का म्हणतात, ते सरांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी एका विद्यार्थ्याला घेऊन ते उतरत होते. थ्रॉटल मिटला, विमान अलगद खाली येऊ लागलं आणि नेमकं डोहावर इंजिन खोकलं.

सुरुवातीला एकदाच, बारीकसं. मग सगळं विमान थरथरलं आणि आरपीएमचा काटा हळूहळू खाली बसायला लागला. सरांनी थ्रॉटल पुढे रेटला. काट्याने ऐकलं नाही. इंजिनाचा आवाज बसत गेला तसा दुसरा एक आवाज ऐकू येऊ लागला, दाराच्या फटीतून शिरणाऱ्या वाऱ्याचा. एरवी तो कधी कानावर पडत नाही. घोळक्याने बसलेल्या बायका तोंड मिटून गुणगुणत असाव्यात तसा तो येत होता. सरांनी खाली पाहिलं. काळं पाणी, आणि काठच्या केळीत पांढरं नेसलेलं कोणीतरी ओळीने उभं. मग धावपट्टी आली आणि विमान कसंबसं टेकलं.

गिरधर हा क्लबचा मेकॅनिक. त्याने इंजिन उघडलं. पेट्रोलात पाणी नाही, प्लग स्वच्छ, नळ्या मोकळ्या. दुपारच्या उन्हात त्याने ते पुष्कळ वेळ चालवून पाहिलं. इंजिन शहाण्या मुलासारखं चाललं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच झालं, दुसरा विद्यार्थी, तोच डोह. मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी सकाळी, प्रत्येक वेळी उतरताना, आणि जमिनीवर आल्यावर इंजिनात औषधालाही काही सापडायचं नाही. गिरधर कपड्याने हात पुसत म्हणाला, की चोर येतो, घर विस्कटतो आणि जाताना सगळं झाडून पुसून जातो, असा चोर आपण पाहिलेला नाही. तो स्वतः त्याच उन्हाचा, त्यामुळे बर्फ त्याच्याही डोक्यात आला नाही. नारळ मात्र आला. तो फोडायला सरांनी मनाई केली.

कॅन्टीन चालवणारी ताईबाई डोहाकाठच्याच गावची. सरांना चहा देताना ती सहज बोलावं तसं बोलली.

"त्या डोहमा बाया शेतस, भाऊ. वऱ्हाडनी नाव बुडनी व्हती तठे. त्यास्ले आजून हिव लागस. वरथून कोनी ऊबदार गया का हात लांबाडतस. ऊब मांगतस फक्त, दुसरं काई नही."

सरांनी तिला वैज्ञानिक दृष्टिकोनावर बरंच काही सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि साखर लागेल का विचारलं. तो चहा त्यांना गार लागला.

मग गळती सुरू झाली. एका विद्यार्थ्याला ताप आला, एकाच्या घरी पितरं होती, एकाची मोटरसायकल बिघडली आणि ती दुरुस्त होण्याची चिन्हं दिसेनात. राहिली एकटी सुलक्षणा. तिचं पहिलं एकटीचं उड्डाण तोंडावर आलं होतं. त्याला गुरूची सही लागते. शेजारची खुर्ची रिकामी असताना ही मुलगी विमान घेऊन वर जाईल आणि धडपणे खाली येईल, असं गुरूने लिहून द्यायचं. तिचे नाना, म्हणजे आजोबा, चोपड्याहून ते पाहायला येणार होते, आणि त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. सुलक्षणा एका शब्दाने डोहाबद्दल बोलली नाही. ती फक्त रोज विचारायची, सर, सही कधी?

आणि रुपचंद सरांना कळेना की सही करावी कशी. सही केली तर ही पोर एकटी त्या डोहावरून येणार. नाही केली तर कारण काय सांगायचं? इंजिन ठीक आहे असं गिरधरचा कागद म्हणत होता. मग उरतं काय? जे उरतं ते तोंडाने म्हटलं की मिशी गेली. मिशी जाऊ दे एक वेळ, पण पोरीला काही झालं तर? रात्री जेवताना घास हातात तसाच राहायचा.

शेवटी एका सकाळी ते मोटरसायकल काढून डोहाकडे गेले. फक्त पाहणी करायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मळ्यात शिरल्यावर ऊन संपलं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि हवा अशी की श्वास घेतला की ओला व्हावा. कुठे पाखरू नाही, मोटारीचा आवाज नाही. समोर पाहिलं तर झाडांच्या अंधारात पांढरं नेसलेल्या बाया ओळीने उभ्या. डोकी नाहीत. हळूहळू डुलतायत.

सर एक पाऊल मागे सरले. मग त्यांना समजलं की हे केळीचे घड आहेत आणि डाग पडू नयेत म्हणून त्यांना पांढऱ्या पिशव्या घातल्यात. असल्या पिशव्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या होत्या. ते स्वतःशीच मोठ्याने हसले. तेवढ्यात एक पिशवी म्हणाली, "भाऊ?"

पुढचा काही वेळ सरांना नीट आठवत नाही. शुद्धीवर आले म्हणणं बरोबर नाही, कारण बेशुद्ध झाले नव्हते, पण ते चिखलात बसलेले होते आणि समोर ताईबाई केळीच्या पानांचा भारा घेऊन उभी होती. श्राद्धाला पानं लागतात, म्हणून आली होती. तिने काही विचारलं नाही. सरांनीच सांगून टाकलं की त्यांच्या मेहुण्याची जीप सारखी बंद पडते आणि तो बिचारा भोळा आहे, त्याच्या समाधानासाठी काही असेल तर पाहावं.

"जीप का?" ताईबाई म्हणाली. तिने कनवटीचा एक बिब्बा काढला, काळ्या दोऱ्यात ओवलेला. "मशीनले टेकाले पाहिजे, बरं का. नुसता लोंबकाळाना नही."

लिंबू-मिरच्या असत्या तर वासाने कोणालाही कळलं असतं. बिब्बा बरा, काळा, लहान, गपगुमान. तो सुलक्षणाच्या नजरेला पडू नये अशी जागा विमानात एकच होती. गरम हवेच्या त्या मुठीच्या मानेला सरांनी दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आणि बिब्बा मुठीच्या मागे, सावलीत दडवला. त्या मुठीला हल्ली बोट लावण्यापलीकडे कोणी हात घालत नव्हतं. हे आपण मुलीसाठी करतोय, आपल्यासाठी नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि मग आजूबाजूला कोणी नाही हे बघून बिब्ब्याला हळूच नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहीच्या आधीचं शेवटचं उड्डाण होतं. डाव्या बाजूला सुलक्षणा, उजवीकडे सर. ती सुरेख चालवत होती. नदी ओलांडली, वळली, थ्रॉटल मिटला. खाली मळ्यावर धुक्याचा पातळ पदर होता आणि त्यात डोह उघड्या डोळ्यासारखा दिसत होता. सर त्याच्याकडे बघत नव्हते, म्हणजे फक्त त्याच्याकडेच बघत होते.

इंजिन खोकलं. काटा बसायला लागला. थरथर आली, आवाज खोल गेला, आणि फटीतून ते गुणगुणणं सुरू झालं, अगदी कानाशी. सुलक्षणाने थ्रॉटल पुढे रेटला. काही नाही. तिने विमानाचं नाक खाली दाबून वेग सांभाळला आणि उतरायला मोकळं रान शोधू लागली. खाली सगळीकडे केळीच केळी. सरांनी काय करायला हवं होतं, ते पुस्तकात होतं, त्यांच्या डोक्यातही कुठेतरी होतं. पण हात गेला तो बिब्ब्याकडे. बुडणारा काडीला धरतो तसा त्यांनी तो मुठीसकट पकडला. तेवढ्यात विमानाने हिसका दिला, सर मागे आदळले, आणि त्यांच्या हाताबरोबर मूठ पूर्ण बाहेर आली.

आणि इंजिन आणखी बिघडलं. आतापर्यंत खोकत होतं, आता गुदमरल्यासारखं फुरफुरायला लागलं, धक्के द्यायला लागलं. आपण बिब्बा हलवला, बाया चिडल्या, हे एवढंच त्या क्षणी सरांच्या मनात आलं. त्यांनी मूठ आत ढकलली. जाईना. अंगठा लावून ढकलली, तळहात लावून ढकलली, दात-ओठ खाऊन ढकलली. मूठ तसूभर हलेना. कोणीतरी पलीकडून धरून ठेवावी तशी ती बाहेरच राहिली. केळीची पानं आता एकेक वेगळी दिसायला लागली होती, आणि त्यांत त्या पांढऱ्या बाया, डुलत, वर बघत असल्यासारख्या.

मग इंजिनाने एक मोठा खाकरा काढला, पुन्हा एक, आणि त्याचा गळा मोकळा झाला. काटा वर चढला. सुलक्षणाने नाक उचललं, डोह मागे पडला, धावपट्टी समोर आली. ती इतकी नीट टेकली की सरांना कळलंही नाही.

विमान थांबल्यावर सुलक्षणा उतरली. सर बसून राहिले. मूठ अजून बाहेर होती. दांडी बाहेर येताना दोऱ्याचे वेढे घसरले होते आणि बिब्बा दांडी आणि ती जिच्यातून बाहेर येते त्या फळीच्या मध्ये पाचरीसारखा बसला होता. सरांनी तो चिमटीत धरून काढला, तशी मूठ लोण्यासारखी आत गेली. बिब्बा चिरडला होता, त्याचा काळा चीक अंगठाभर आणि तळहातभर लागला होता. आता त्यांना सगळं कळलं, एकामागून एक, न थांबता. गरम हवा गेली, बर्फ वितळला, त्याचं पाणी इंजिनाच्या घशात गेलं म्हणून ते आणखी खोकलं. ते पाणी गिळून झालं की इंजिन सुटतं. तेवढा वेळ मूठ बाहेर राहायला हवी. आणि त्या वेळात त्यांनी ती जीव खाऊन आत ढकलली होती. जमिनीवर येईपर्यंत बर्फाचा कणही उरत नाही, म्हणून गिरधरला कधी चोर सापडला नव्हता. एखाद्याने मध्येच बिब्बा घातला म्हणून काम बिघडल्याचं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. बिब्बा घातला म्हणून काम झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

बाहेर सगळे जमले. सरांनी बिब्बा रुमालात गुंडाळला, मिशीवरून हात फिरवला आणि बर्फाची गोष्ट सांगितली. बरोबर सांगितली, एक मुद्दा सोडून. इंजिन जास्त खोकलं तरी आपण शांतपणे मूठ धरून ठेवली, असं ते म्हणाले. सुलक्षणाने त्यांच्याकडे असं आदराने पाहिलं की त्यांना घाम फुटला. गिरधरने डोक्याला हात लावला आणि स्वतःला चार शब्द सुनावले. ताईबाईने मेहुण्याच्या जीपची चौकशी केली.

बर्फ पुरावा ठेवत नाही. बिब्बा ठेवतो. एका दिवसाने सरांचा अंगठा सुजला, तळहाताला खाज सुटली, आणि मग टपोरे फोड आले. नेमकं धुळ्याला एका महाविद्यालयात भाषण ठरलेलं होतं. विषय होता, लिंबू-मिरची-बिब्बा, एक भोळसट समजूत. सर हाताला रुमाल बांधून उभे राहिले. त्यांनी इंजिनातल्या बर्फाची हकिगत सांगितली. जळगावात बर्फ धरला म्हटल्यावर सभागृह पोट धरून हसलं. भूत म्हणाले असते तर निम्म्यांनी तरी विश्वास ठेवला असता! मग नारळ फोडताना रुमाल सुटला. पुढच्या रांगेत एक म्हातारे शेतकरी बसले होते. ते उठून जवळ आले, सरांचा हात आपल्या हातात घेऊन पाहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काळजीने म्हणाले, "सर, हाऊ ते बिब्बा उतना शे. खोबरानं तेल लावा."

परतीच्या वाटेवर सरांना लाज वाटत होती. पण ती हशाची नव्हती. त्यांना सारखा सुलक्षणाचा तो आदराने पाहणारा चेहरा दिसत होता. सर शांतपणे धरून बसतात, असं तिला वाटत होतं. म्हणजे आपणही शांत राहू, असं ती धरून चालणार. आणि डोहावर तिच्या शेजारी खुर्ची रिकामी असणार.

सहीच्या दिवशी सकाळी तिचे नाना येऊन क्लबच्या दाराशी बसले होते, धुतलेली टोपी घालून. सरांनी सुलक्षणाला विमानापाशी बोलावलं. आधी त्यांनी घसा साफ केला, मग हवेबद्दल बोलले, मग एकदाचे बोलले.

"मी मूठ धरून ठेवली नव्हती. मी ती आत ढकलत होतो. सगळा जोर लावून ढकलत होतो."

"मग ती आत का गेली नाही, सर?"

"मध्ये बिब्बा होता."

ती हसली असती तर बरं झालं असतं. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. कोणी घातला, हे तिने विचारलं नाही.

"तू बर्फाबद्दल विचारलं होतंस, मी तुला मुंबईला पाठवलं. आता नीट ऐक. आधी मूठ, मग थ्रॉटल. आणि ओढायची ती पूर्ण, अर्धी नाही. ओढल्यावर इंजिन जास्त खोकलं तर तुला वाटेल आपण चूक केली, आणि हात आपोआप ती आत ढकलायला जाईल. माझा गेला. इतक्या पोरांना शिकवून माझा गेला. तुझ्या वेळी मध्ये बिब्बा नसणार आहे."

सुलक्षणाने मान डोलावली. मग तिने हळू आवाजात विचारलं, "आणि सर, बर्फ नसेल तर? खरंच बाया असतील तर?"

रुपचंद सरांनी डोहाच्या दिशेला पाहिलं. धुकं अजून उठलं नव्हतं.

"तरी मूठच ओढ," ते म्हणाले. "त्यांनाही ऊबच पाहिजे."

फोडांच्या हाताने केलेली सही तिरकी आली. सुलक्षणा एकटी वर गेली. सर आणि नाना धावपट्टीच्या कडेला उभे राहिले. विमान लहान होत गेलं, नदीपार वळलं, आणि परत येऊ लागलं. आवाज बदलला, जरा जाड झाला. तिने मूठ ओढली असणार. मग डोहाच्या अंगाला तो आवाज अडखळला. खोकला. पुन्हा खोकला. नानांनी सरांचं मनगट धरलं आणि खोकतंय का, असं विचारलं. सर म्हणाले, खोकू द्या. त्यांचा सुजलेला अंगठा हवेत कशाला तरी दाबत होता, आणि तो थांबवायला त्यांना दुसऱ्या हाताने धरावा लागला. केळीच्या मळ्यावर सगळं स्तब्ध होतं. वाटत होतं की तिकडे कोणीतरी कान देऊन ऐकतंय.

खाकरा निघाला. आवाज मोकळा झाला, भरून आला, आणि विमान झाडांवरून वर दिसलं. सुलक्षणा टेकली. नाना टोपी काढून डोळे पुसायला लागले, आणि सरांनीही केळीकडे तोंड केलं.

विमान थांबताच सर धावत गेले. त्यांनी दार उघडून पहिला प्रश्न तोच विचारला, की हात गेला का?

"गेला असता, सर," सुलक्षणा म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती हसत होती. "म्हणून खोकायला लागल्याबरोबर मी हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसले. मोकळं झालं तेव्हा काढला."

सरांना भरून आलं. त्यांनी शाबासकी द्यायला हात पुढे केला, आणि तेव्हा त्यांची नजर मुठीवर गेली. मुठीच्या मानेला काळा दोरा होता. दोऱ्याला केळीच्या वेफर्सच्या पिशवीचा एक तुकडा बांधलेला होता, घट्ट गुंडाळलेला, आणि त्याच्या आत काहीतरी काळं, लहान, गपगुमान.

"नानांनी दिला," ती म्हणाली. "मी म्हटलं, असू द्यावा. उततो ना तो, म्हणून पिशवीत घालून बांधला."

रुपचंद सरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. एवढी साधी अक्कल एकाही पुस्तकात नव्हती.

मिशी अजून शाबूत आहे, कारण भूत अजून कोणी आणून दाखवलेलं नाही. त्या मुठीला आता क्लबात सगळे बिब्बा म्हणतात, आणि उतरण्याआधी ती ओढली की नाही हे विद्यार्थी मोठ्याने सांगतात. सर शेजारी बसलेले असतात. डोह आला की तेही आपला हात मांडीखाली घालून बसतात, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटतात. विचारलं तर इंजिनाचा आवाज मोजतोय म्हणतात. खाली मात्र बघत नाहीत.